बर्फाची वाट आणि बडोद्याचे काका

बडोद्याची थंडी ती काय! नाताळच्या सुमारास चार दिवस पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, कमाटीबागेत सकाळी फिरायला येणारे लोक कानाला मफलर गुंडाळून एकमेकांना "आज फार गार आहे हो!" असे सांगतात, घरोघर उंधियूचे बेत होतात आणि उत्तरायणाचे पतंग उडून गेले की स्वेटर पुन्हा ट्रंकेत जाऊन पडतात. बर्फाशी आपला संबंध म्हणाल तर तो गोळ्याच्या गाडीपुरता, किंवा फार तर लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्यापुरता. आकाशातून पडणारा बर्फ आपण पाहिला तो सिनेमात.

असे असूनही डिसेंबर उजाडला की बडोदे स्टेशनावर एक नवे दृश्य दिसू लागते. हरिद्वारकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत पंधरा-वीस तरुण-तरुणी उभी असतात. पाठीवर डोक्याच्याही वर जाणाऱ्या पिशव्या, पायांत जडशीळ बूट. पोहोचवायला आलेल्यांच्या हातांत ठेपल्यांचे आणि चकल्यांचे डबे. मागच्या हिवाळ्यात अशाच एका घोळक्यात एक आजीबाई नातवाला विचारीत होत्या, "अरे, या दिवसांत देवळं बंद असतात ना तिकडची? मग जाता कशाला?" नातू हसून म्हणाला, "आजी, देवळात नाही जायचं आम्हाला. बर्फात जायचंय."

आजी गप्प बसल्या. पण त्यांचा प्रश्न मनातून जाईना. हिमालय म्हणजे देवळे, आणि देवळे बंद म्हणजे हिमालय बंद, हा हिशेब कित्येक पिढ्यांचा आहे. तो नुसत्या भाबडेपणाचा नव्हे. बर्फात माणसाने कधी पाऊल घालावे आणि कधी घालू नये याचा अनुभव त्यात साठलेला आहे. आणि या हिशेबाचा विचार करू लागले की बडोदेकराला एका माणसाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ज्याच्या हिमालयाने गुजरातेतील घरे वेडी केली, तो माणूस याच शहरातून निघाला होता, आणि तो मराठी होता.

बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने चाललेले गंगनाथ विद्यालय आज किती जणांना ठाऊक असेल? नर्मदाकाठच्या चांदोदजवळील गंगनाथ महादेवाचे नाव घेतलेली ही राष्ट्रीय वृत्तीची शाळा. तेथे शिक्षकांना "मास्तर" किंवा "सर" म्हणण्याची पद्धत नव्हती. शाळा म्हणजे एक कुटुंब, तेव्हा शिक्षकही घरातलेच. कुणी काका, कुणी मामा, कुणी अण्णा. विठ्ठल लक्ष्मण फडके हे तेथे "मामा" झाले ते जन्मभर मामासाहेब फडके म्हणूनच ओळखले गेले. आणि १९१० मध्ये मुंबईच्या "राष्ट्रमत" पत्रातील काम संपवून आलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर हे "काका" झाले. साताऱ्यास १ डिसेंबर १८८५ रोजी जन्मलेल्या या माणसाला साऱ्या देशाने पुढे काकासाहेब म्हटले. पण ते नाते पहिल्याने जोडले ते बडोद्यातल्या मुलांनी. ज्या वर्षी काका येथे आले त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला गेला, हा योगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

शाळा मात्र टिकली नाही. संस्थान गायकवाडांचे असले तरी इंग्रज सरकारची नजर जागी होती. राष्ट्रीयतेचा वास येणारे विद्यालय तिला खपणारे नव्हते. सरकारी दडपणाने १९१२ साली गंगनाथ विद्यालय बंद पडले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा संसारी शिक्षक एकाएकी रिकामा झाला. अशा वेळी माणूस दुसरी नोकरी पाहतो. काकांनी हिमालयाची वाट धरली. सोबत अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद. स्वामी मूळचे काठियावाडचे, पण टिळकांच्या परिवारात वावरलेले, आणि मराठी इतके चांगले जाणणारे की ते परके वाटू नयेत. देशाची सेवा की मोक्षाची साधना, हा प्रश्न त्या काळी पुष्कळ तरुणांना छळत होता. काकांना तो सोडवायचा होता, आणि तो सोडवायला त्यांनी पाय वापरले.

तेव्हाचा हिमालय आणि आजचा हिमालय यांत किती अंतर आहे ते आधी ध्यानात घ्यावे. आगगाडी हरिद्वारला १८८६ मध्ये आणि देहरादूनला १९०० मध्ये पोहोचली होती. त्यापुढे सारे पायी. वाटेवर काही मैलांच्या अंतराने "चट्टी" असे. चट्टी म्हणजे गवताच्या छपराची दुकानवजा धर्मशाळा. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप घेतले की भांडी आणि रात्रीची जागा फुकट. बाबा काली कमलीवाले यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळा आणि सदावर्ते हा गरिबांचा आधार. जमनोत्री, गंगोत्री, केदार आणि बदरी अशी चारी धामे करावयाची तर गंगोत्रीहून केदारला जाताना भटवाडीजवळ गंगेचे खोरे सोडून डोंगर चढावा लागे. मग बुढाकेदार, घुत्तू, आणि त्यानंतर अकरा हजार फुटांहून उंच असलेली पँवालीची चढण. ती उतरले की त्रियुगीनारायण. यात्रेकरूंमध्ये पँवालीची दहशत मोठी. खाली उन्हाने घामाघूम झालेला माणूस वरच्या माळावर, ज्याला गढवालात "बुग्याल" म्हणतात, अवेळी गारांत आणि बर्फात सापडे.

म्हणूनच आजीबाईंचा तो हिशेब. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास देवळांची दारे उघडावयाची आणि दिवाळीच्या मागेपुढे मिटावयाची. गंगोत्रीचे दार अन्नकूटाला बंद होते, केदारचे आणि जमनोत्रीचे भाऊबिजेला, बदरीचे त्यानंतर काही दिवसांनी. मग देवसुद्धा खाली उतरतात! केदारनाथाची डोली उखीमठला येते, गंगामाई मुखबा गावी माहेरपणाला आल्यासारखी राहते, यमुना खरसालीला. बदरीनारायणाला माणा गावच्या स्त्रियांनी विणलेली, तुपात भिजवलेली कांबळ पांघरून, नंदादीप लावून दार लोटतात. तो दीप वैशाखात दार उघडताना तेवत असलेला पाहायला लोक गर्दी करतात. ते माणा गावही हिवाळ्यात ओस पडते. माणसे, मेंढ्या, कुत्री सारी खालच्या खोऱ्यांत उतरतात. ज्यांचा जन्म बर्फात गेला ती माणसे बर्फाला एवढा मान देतात, ही गोष्ट मैदानातून जाणाऱ्यांनी विसरण्यासारखी नाही.

काकांची यात्रा म्हणजे हिवाळी गिर्यारोहण नव्हते. ते यात्रेकरू होते आणि यात्रेकरूंच्याच वाटेने गेले. परंतु त्या वाटेवरही बर्फ चुकत नाही. हंगामाच्या आरंभी केदारच्या वाटेवर घळींतून साचलेल्या बर्फावरूनच ओढे ओलांडावे लागत. वर पांढरा पूल, खाली अदृश्य पाणी. हा पूल रात्रीच्या गारठ्याने दगडासारखा घट्ट होतो आणि दुपारच्या उन्हाने आतून पोखरला जातो. म्हणून पहाडी माणूस सांगतो, की बर्फ ओलांडायचा तो सूर्य वर येण्याआधी. यात काही गूढ नाही. दिवसा वितळलेला वरचा थर रात्री पुन्हा गोठतो आणि त्याची कडक साय बनते. पहाटे ती साय माणसाचे वजन पेलते, दुपारी त्याच जागी मांडीपर्यंत पाय रुततो. कोसभर वाट पहाटे एका तासाची असेल तर दुपारी ती तीन तासांची होते.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. ताजा बर्फ आपल्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक परत फेकतो. उघड्या डोळ्यांनी दिवसभर त्यावरून चालले की संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि एक-दोन दिवस काही दिसत नाही. पूर्वीचे लोक डोळ्यांवर पातळ काळे फडके बांधीत. तिसरी गोष्ट कपड्यांची. आपला सुती कपडा घामाने भिजला की अंगाला चिकटून ऊब शोषून घेतो; लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. गढवाली मेंढपाळाच्या अंगावरची जाडीभरडी लोकर ही शोभेसाठी नसते.

आणि चौथी गोष्ट हवेची. बडोदे समुद्रसपाटीपासून सव्वाशे फुटांवर, म्हणजे जवळजवळ समुद्राच्याच बरोबरीने. आपल्या दृष्टीने डोंगर म्हणजे पावागड, आणि त्याची उंची सुमारे २,७०० फूट. माताजीच्या देवळापर्यंत पायऱ्या चढून गेलो की आपण स्वतःची पाठ थोपटून घेतो! १२,५०० फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोनतृतीयांशाहूनही कमी असतो. दर हजार मीटर चढाला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. तेथे तरुणाचे दंड आणि म्हाताऱ्याचे गुडघे यांतला फरक पुष्कळ कमी होतो. सावकाश चढणारा पोहोचतो आणि धावणारा डोके धरून तंबूत पडतो.

आता बर्फाच्या खऱ्या वाटेविषयी. केदार आणि बदरी ही दोन धामे नकाशावर इतकी जवळ दिसतात की मध्ये एखादी वाट असलीच पाहिजे असे वाटावे. पूर्वी एकच पुजारी एकाच दिवशी दोन्हीकडे पूजा करीत असे, ही दंतकथा गढवालात घरोघर सांगतात. १९३४ साली एरिक शिप्टन आणि बिल टिल्मन हे दोन इंग्रज, सोबतच्या शेर्पांसह, बदरीच्या बाजूने ती रांग ओलांडून केदारच्या बाजूला उतरले. बर्फ त्यांना उतरू देईना आणि खाली उतरल्यावर वेळूच्या दाट जंगलाने त्यांची दैना केली. उपासमारीची पाळी आली. पुजाऱ्याचा तो दिवस फार मोठा असला पाहिजे!

दुसरी वाट गंगोत्रीहून बदरीची. गोमुखापासून गंगोत्रीच्या हिमनदीवर चढावयाचे. ही हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब, वरून दगडधोंड्यांनी झाकलेली आणि आतून भेगाळलेली. तिला मिळणाऱ्या चतुरंगी बमकावरून वर जात, म्हणजे हिमनदीवरूनच, कालिंदी खाल गाठावयाचा. खाल म्हणजे खिंड. ही खिंड सुमारे १९,५०० फुटांवर आहे. पलीकडे अरवा नदीचे खोरे, घसतोली, माणा आणि मग बदरीनाथ. तेथे हवेचा दाब निम्म्याहूनही कमी. हिमनदीतील भेगांवर ताज्या बर्फाची साय धरलेली असते, म्हणून माणसे एकमेकांना दोराने बांधून चालतात. एक जण खचला तर बाकीचे त्याला धरतात. पुढच्याने काठीने बर्फ टोचून पाहायचा, मागच्यांनी त्याच्याच पावलांत पावले टाकायची. या वाटेच्या कथेला गुजरातीत "बरफ रस्ते बदरीनाथ" असे साधे नाव मिळाले आहे, आणि ते पुस्तक आहे काकांचे सोबती स्वामी आनंद यांचे. १९१२ मध्ये निघालेल्या त्या त्रयीपैकी एकाचे मन बर्फातच गुंतून राहिले असे म्हणायला हरकत नाही.

आता आजच्या तरुणांकडे वळू. बडोद्याहून निघालेली बहुतेक मंडळी जातात ती केदारकंठ्याला. नाव सारखे वाटले तरी केदारनाथाशी त्याचा संबंध नाही. उत्तरकाशी जिल्ह्यातील हे शिखर सुमारे १२,५०० फूट उंच आहे. देहरादूनहून दोनशे किलोमीटरवरील सांकरी गावापर्यंत मोटार जाते आणि तेथून चार-पाच दिवसांत शिखर करून परत येता येते. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत त्यावर बर्फ असतो. वाटाड्या, तंबू, बुटांना बांधायचे लोखंडी काटे, पोटऱ्यांवरची बर्फरोधक पट्टी, सारे भाड्याने मिळते. अर्ध्या रात्री उठून कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात चढावयाचे आणि उजाडताना शिखरावरून स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ पाहावयाचे, हा कार्यक्रम. तो नक्कीच आनंदाचा आहे, आणि पहाटे निघण्यामागे तोच जुना पहाडी शहाणपणा आहे.

ही वाट सोपी समजली जाते, आणि काळजीची गोष्ट ती हीच. काट्यांचे बूट भाड्याने मिळतात. बर्फ ओळखणारा डोळा भाड्याने मिळत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर भरपूर ताजा बर्फ पडला की तो खालच्या जुन्या थराशी एकजीव व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात त्यावर माणसे चढली तर त्यांच्याच वजनाने सबंध थर पाटासारखा सुटून खाली येतो. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची आशा मोठी. त्यानंतर ती झपाट्याने ओसरते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी अशाच हिमस्खलनात सापडली आणि प्रशिक्षकांसह २९ जण गेले. ती काही हौशी मंडळी नव्हती. १९६५ मध्ये स्थापन झालेली ही देशातील नामवंत संस्था, आणि माणसे शिकलेली आणि शिकवणारी. जून २०२४ मध्ये सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या तुकडीतील ९ जण हिमवादळात सापडून दगावले, आणि तो महिना तर भर उन्हाळ्याचा!

हे सांगण्यात तरुणांना घरी बसवण्याचा हेतू नाही. घरी बसून कुणाला हिमालय कळलेला नाही. गुजरात सरकारची पर्वतारोहण संस्था आबूला आहे, गिरनारच्या पायऱ्यांवर दर वर्षी चढण्या-उतरण्याची स्पर्धा होते, पावागड तर हाकेच्या अंतरावर आहे. दोन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा पाठीवर ओझे घेऊन पावागड चढला तरी फुप्फुसे आणि गुडघे यांची थोडी ओळख होते. मात्र थंडी, विरळ हवा आणि बर्फ यांचे शिक्षण पावागड देऊ शकत नाही, ते वरच घ्यावे लागते. आणि त्यातला पहिला धडा परत फिरण्याचा. वाटाड्या "आज नाही" म्हणाला तर आज नाही. खिशातले पैसे भरले आहेत, सुटी संपत आली आहे, सोबतचे छायाचित्रे काढून आले, यांपैकी एकही कारण बर्फाला ऐकू जात नाही. पूर्वीच्या यात्रेकरूच्या मागे परतीच्या गाडीची तारीख नव्हती. पँवालीवर ढग दिसले तर तो चट्टीत दोन दिवस बसून राही आणि भजने म्हणे. आपल्या पोरांच्या तिकिटात हे दोन दिवस नसतात. ते घरच्यांनी मागून घ्यावेत. आजीबाईंनी नातवाला देवळाविषयी विचारले ते विचारलेच, पण "परतायला दोन दिवस जास्तीचे ठेवले आहेस ना रे?" एवढे जरी प्रत्येक घरातून विचारले गेले तरी पुष्कळ झाले.

काका परत फिरले. हिमालयात राहून जायचे मनात घेऊन पुष्कळ जण जातात. काकांच्या मनाचा कौल अखेर देशसेवेकडे पडला. १९१३ मध्ये ते आचार्य कृपलानींबरोबर ब्रह्मदेशात गेले, १९१५ मध्ये गांधीजींना भेटले, आणि मग साबरमतीचा आश्रम आणि गुजरात विद्यापीठ हेच त्यांचे घर झाले. यात्रेनंतर बऱ्याच वर्षांनी, आश्रमात असताना, त्यांनी हिमालयाची ती हकीकत लिहिली, आणि ती लिहिली गुजरातीत. "हिमालयनो प्रवास" १९२४ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. ज्याची घरची भाषा मराठी, त्याच्या लेखणीतून गुजरातीला आपले एक अव्वल प्रवासवर्णन मिळाले. गांधीजी त्यांना "सवाई गुजराती" म्हणत.

आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना ही गोष्ट ऐकताना अभिमान वाटतो आणि थोडे चुटपुटल्यासारखेही होते. आपला माणूस, आपल्या शहरातून निघालेला, आणि पुस्तक मात्र शेजारच्या भाषेत! पुढे ते मराठीतही आले. पण पहिला घोट गुजरातीने घेतला. विचार केला तर यात वावगे काही नाही. आपल्या दांडिया बाजारातल्या घरांत रोज हेच चाललेले असते. आई मराठीत रागावते, पोरे गुजरातीत उत्तरे देतात, आणि जेवणात आमटीशेजारी ठेपला असतो. काकांनी आपल्या मुलांसाठी लिहिले, आणि त्यांची मुले तेव्हा गुजराती बोलत होती. गंगनाथच्या मुलांनी ज्याला काका म्हटले, त्याने पुतण्यांच्या भाषेत गोष्ट सांगितली, इतकेच. स्टेशनावरच्या त्या घोळक्यातसुद्धा मराठी कोण आणि गुजराती कोण हे ओळखू येत नव्हते.

हिमालयाहून परतलेल्या काकांना पुढे जन्मभर नद्यांचे वेड राहिले. नद्यांवरच्या त्यांच्या लेखांना त्यांनी "लोकमाता" हे नाव दिले. आपल्या विश्वामित्रीत बर्फाचा एक थेंबही नाही; ती पावागडावरून येते, पावसाचे पाणी आणते आणि उन्हाळ्यात मगरींपुरती उरते. गंगोत्रीचे मात्र तसे नाही. तेथे गेल्या हिवाळ्यांचा बर्फ उन्हाळ्यात नदी होऊन उतरतो, आणि ती हिमनदी वर्षानुवर्षे मागे सरकते आहे. काकांच्या वेळचे गोमुख आजच्या गोमुखापेक्षा खाली होते. आज जाणारा तरुण त्यांच्या वाटेने गेला तरी त्यांचा बर्फ त्याला दिसणार नाही.

तेव्हा जाणाऱ्यांनी जावे, जपून जावे आणि डोळे उघडे ठेवून पाहावे. आणि पिशवीत ठेपल्यांच्या डब्याशेजारी एक लहानसे पुस्तक मावत असेल तर काकांचा हिमालय बरोबर न्यावा, मराठीत न्यावा नाहीतर गुजरातीत. सांकरीला बर्फ पडून वाट बंद झाली आणि दोन दिवस तंबूत बसावे लागले, तर वाचायला होईल.